न टिपलेली उडी

“हात सैल... हात सैल सोड, पोरी. मान त्याची आहे, तुझी नाही!”

बावीस वर्षांपूर्वी मैदानाच्या कुंपणावर कोपरं टेकून वडिलांनी घातलेली ती हाक थोरलीच्या कानातून कधी गेलीच नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, स्टुडिओत कुणाच्या तरी पासपोर्टच्या फोटोसाठी ‘हनुवटी जरा खाली घ्या’ म्हणताना... कुठल्याही क्षणी ती हाक यायची आणि तिची बोटं आपसूक सैल पडायची. कपबशी असली तर कपबशी जायची, वाटी असली तर वाटी. ताईच्या हाताला भोकं आहेत, असं धाकटी म्हणायची, आणि थोरली हसून फुटक्या काचा गोळा करायची.

आज सकाळीही तसंच झालं. दुधाचं भांडं ओट्यावर पडलं, आणि खुर्चीत बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळणारी धाकटी पाय वर घेत म्हणाली, “भागूबाई, मैदानात उतरायचंय मला. तुझे हात का थरथरतायत?”

हे नाव घरात इतकं मुरलं होतं की त्यातला काटा आता कुणालाच दिसत नसे. भित्री भागूबाई... थोरली एकोणचाळिशीची झाली, तरी तबेल्यातला म्हातारा मोतद्दारसुद्धा ‘भागूताई आल्या’ असंच म्हणायचा. फक्त वडील तेवढे ते नाव कानी पडलं की तोंड खिडकीकडे फिरवत. काचबिंदूनं त्यांच्या डोळ्यांत आता उजेडाची एक कडाच उरली होती. खिडकीबाहेर पाहण्यासारखं त्यांना काही नव्हतं. तरी ते तोंड फिरवत. आपली लाज वाटते त्यांना, असं थोरलीनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

धाकटीची आज शेवटची स्पर्धा होती. गुडघ्यातली कूर्चा झिजली होती, आणि डॉक्टरांनी गोड शब्दांत दम भरला होता. यापुढे मुलांना शिकवायचं, स्वतः उडी मारायची नाही. धाकटीनं ते हसत ऐकून घेतलं, पण त्या दिवशी घरी येताना ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिचं न बोलणं म्हणजे काय असतं, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक असणार...

आई गेली तेव्हा धाकटी बारा वर्षांची होती. गेली म्हणजे अशी, की सकाळी दोघींच्या वेण्या घालून दिल्या आणि दुपारी घरात नव्हती. वेणी घालताना ती एक ओवी गुणगुणायची, स्वतःच रचलेली:

दोन माझ्या लेकी, दोन डोळ्यांची जोडी;
एकीला खुपता, दुजी आसवं सोडी.

त्यानंतर आठ महिने धाकटी बोललीच नाही. मान हलवायची, बोटानं दाखवायची. शाळेतून चिठ्ठ्या आल्या, डॉक्टर झाले. वडील घोडेस्वारी शिकवणारे; हुकूम देऊन जनावरं चालवण्याची त्यांच्या गळ्याला सवय, पण या एवढ्याशा बंद ओठांपुढे त्यांचा आवाज हरला. जेवताना ते एकटेच बोलत राहायचे, पावसाबद्दल, चाऱ्याबद्दल, कुठल्याशा घोड्याच्या नालेबद्दल... आणि मग तेही थांबायचे.

एका दुपारी थोरली चाऱ्याची बादली घेऊन तबेल्यात गेली, तर आतून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता. तांबड्याच्या मानेत तोंड खुपसून धाकटी बोलत होती. सलग, पूर्ण वाक्यांत. आईचा कंगवा तिनं दप्तरात लपवलाय, घराला आता वेगळाच वास येतो, ताई पोळ्या जाड करते पण तिला सांगायचं नाही, वाईट वाटेल... आणि तो लाल तांबूस, उमदा घोडा कान मागे वळवून, एकही पाऊल न हलवता सगळं ऐकत होता. थोरली दाराबाहेर उभी राहिली. बादलीची कडी तळहातात रुतून लाल वळ उमटला, तरी तिनं ती खाली ठेवली नाही. खाली ठेवली असती तर आवाज झाला असता.

त्याच आठवड्यात वडिलांनी जाहीर केलं, की तांबडा आता स्पर्धेत उतरेल. पागेच्या मालकानं त्यांच्या वीस वर्षांच्या चाकरीबद्दल तो त्यांना दिला होता. घरातला तेवढा एकच घोडा. आणि वडिलांचा एक नियम होता, दगडावरची रेघ: एका तोंडाला एकच हात. स्पर्धेच्या घोड्याच्या तोंडात दोन माणसांचे लगाम पडले की त्याचं मन दुभंगतं, असं ते म्हणत. तेव्हा दोघींची परीक्षा होईल. सात अडथळे. जी नीट पार करील तिचा घोडा. दुसरीनं पुन्हा त्याच्यावर मांड टाकायची नाही.

परीक्षा कसली? सगळ्यांना ठाऊक होतं. सतरा वर्षांची थोरली खोगिरावर बसली, की वाऱ्याला पाठीचा कणा फुटल्यासारखी दिसायची. वडील परक्यांसमोर कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. पण ती उडी मारून आली की ते उगाच विडी शोधायला खिसे चाचपायचे, आणि विडी तर ते ओढत नव्हते.

रविवारी सकाळी सारा तबेला जमला होता. थोरली पहिल्या अडथळ्याकडे निघाली. तांबडा खाली गात असल्यासारखा दौडत होता... तीन ढांगा, दोन, एक... आणि नेमकं उडीसाठी अंग उचलायच्या वेळी तिनं लगामावरचं बोट मिटलं. ओला रुमाल पिळावा तितकंच. कधीही न अडणारा तो घोडा पुढचे पाय रोवून थांबला. पुन्हा वळवला. पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी त्यानं मान किंचित वळवून एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. माझं काय चुकलं, असं विचारणारा तो डोळा... त्या मुक्या, प्रामाणिक जिवाला तिनं सगळ्यांदेखत खोटं ठरवलं होतं, आणि त्याची क्षमा मागायला तिला पुढे कधी त्याच्या जवळ एकटीला जाता आलं नाही.

तीनदा अडला की बाद. ती खाली उतरली आणि म्हणाली, “मला भीती वाटते, बाबा.”

वडील बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काळीज लागतं त्याला. तुझ्यात नाही ते. जा भागूबाई, कॅमेरा धर.”

लोक हसले. थोरलीनं कॅमेरा धरला. आणि संध्याकाळी सातही अडथळे पार केलेली धाकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, आठ महिन्यांनी पहिल्यांदा माणसाशी बोलली, “ताई, भूक लागली.” त्या तीन शब्दांवर थोरलीनं आपलं सगळं आयुष्य ओवाळून टाकलं, आणि त्या रात्री उशीत तोंड घालून ती आनंदानं रडली की दुःखानं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तो कॅमेरा पागेचा होता, जुना, जड. शिकणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून वडील उडीचे फोटो काढवून घेत आणि नंतर टेबलावर पसरून पेन्सिलीनं दाखवत: टाच वर गेली, पाठ वाकली, नजर खाली पडली. थोरली ते काम करू लागली आणि त्यातच मुरली. बाजारातल्या स्टुडिओत नोकरी धरली, पुढे तोच चालवायला घेतला. लग्नाचा विषय निघाला की ती वडिलांच्या औषधांच्या वेळा सांगू लागायची. आणि दर स्पर्धेला अडथळ्याच्या बाजूला, मातीत गुडघे टेकून बसायची. इतर फोटोग्राफर एका उडीचे वीस वीस फोटो काढत आणि त्यातला एखादा निवडत; ती एकच काढायची. एकच ‘खट्’, आणि घोडा कमानीच्या अगदी शेंड्यावर, गुडघे छातीशी, कान पुढे. बाई, हे जमतं कसं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, सवय. खरं म्हणजे ती बसल्या जागी प्रत्येक ढांग मोजत असे... मांड्यांनी, पाठीनं, श्वासानं. धाकटी घोड्यावर असायची आणि उडी दोघी मारायच्या.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी पडली होती. दांडीत घोड्याचे पाय अडकले आणि ती खांद्यावर आपटली. त्या क्षणी थोरलीच्या मनात सगळ्यांत आधी काय आलं? बहीण जगेल ना, हे नाही. ‘मी असते तर इथे चुकले नसते,’ हे आलं... लख्ख, थंड, पाण्यासारखं. पुढचे बारा दिवस तिनं दवाखान्यात धाकटीला घास भरवले, केस विंचरले, पाय चेपले. परिचारिका म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. ते ऐकून तिला तोंड लपवावंसं वाटायचं.

आणि आज... आज शेवटची.

मैदानावर ऊन स्वच्छ होतं. तांबड्यानंतर धाकटीनं तयार केलेली करडी घोडी आता वयस्क झाली होती, पण अंगातली ऐट गेली नव्हती. थोरली शेवटच्या अडथळ्यापाशी बसली. तिथून अडथळ्यांची सगळी वाट दिसते. पहिले सहा अडथळे धाकटीनं एकही दांडी न पाडता पार केले. लांबच्या लेन्सनं थोरलीनं सहा वेळा ‘खट्’ केलं. मग घोडी वळली आणि सरळ तिच्याकडे निघाली.

चौथ्या ढांगेलाच थोरलीला कळलं, काहीतरी बिघडतंय. धाकटीचा दुखरा गुडघा खोगिरावरून सुटत होता. घोडी लांबूनच उडी उचलायला बघत होती आणि धाकटी घाबरून लगाम आखडत होती. सैल... सैल सोड... तीन... तिची मान तिला दे... दोन... टाच खाली, श्वास धर... एक...

करडीनं अंग उचललं. पोटाखाली दांडीला खूर निसटता लागला, ती नुसती थरथरली, पडली नाही. टाळ्या झाल्या. आणि थोरलीला दिसलं, की आपले दोन्ही हात पुढे पसरलेत, मुठी सैल उघड्या, जणू कुणाच्या मानेला लांबायला जागा देताहेत... आणि कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला नुसता लोंबकळतोय.

शेजारच्या फोटोग्राफरनं विचारलं, कॅमेरा बंद पडला का. तिनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

धाकटी घोडीवरून उतरून लंगडत आली. डोळे भरलेले, तोंडावर हसू. घोडीच्या मानेवर हात तसाच ठेवून म्हणाली, “ताई, खट् आलं नाही गं शेवटी.”

“चुकलं माझं.”

“तू? चुकलीस?” धाकटी हसली. “बावीस वर्षांत चुकली नाहीस. शेवटच्या दिवशी बरी घाबरलीस, भागूबाई.”

घरी परतल्यावर धाकटी गरम पाण्यानं पाय शेकायला न्हाणीघरात गेली. वडील खिडकीजवळच्या खुर्चीत वाट पाहत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, जणू त्यांनाच बक्षीस घ्यायचं होतं. दृष्टी अधू झाल्यापासून घरात एक रीत पडली होती. स्पर्धेवरून आलं की थोरली एकेक फोटो उघडायची आणि तो शब्दांनी त्यांना दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि हवेतच पेन्सिल फिरवल्यासारखं बोट फिरवून चूक सांगायचे.

पहिला फोटो. दुसरा. पाठ सपाट आहे, बाबा. टाच खाली आहे. इथे डावं कोपर जरा फाकलंय. वडील हुंकार देत होते. सहावा झाला. आता सातवा...

खोटं बोलणं किती सोपं होतं. सहा सांगितले तसा सातवाही सांगायचा. त्यांना कुठे दिसणार होता? थोरलीनं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. गुडघा सुटलाय, म्हणाली, म्हणून सगळं वजन डाव्या टाचेत उतरलंय. घोडीनं श्वास कोंडून धरलाय, तो मांड्यांना कळतोय. लांबून उचलू की आणखी एक ढांग घेऊ, असं ती विचारतेय, आणि तिला उत्तर बोटांनीच द्यायचंय... मग तोंडातलं लोखंड एकदम पिसासारखं हलकं होतं, आणि टापांचा आवाज थांबतो, बाबा... सगळाच आवाज थांबतो. खाली माती नसते, वर काही नसतं. आणि त्या एवढ्याशा वेळात माणसाला कुणाची आठवण येत नाही, कुणी सोडून गेलेलं नसतं, कुणी रडत नसतं...

ती बोलता बोलता थांबली. वडिलांचं बोट हवेत तसंच उभं होतं.

“हे फोटोत दिसतं?” त्यांनी हळूच विचारलं.

तिनं कॅमेरा टेबलावर ठेवून दिला.

“फोटो काढलाच नाहीस तू.”

“नाही, बाबा.”

वडिलांनी बोट खाली घेतलं. सदऱ्याची गुंडी चाचपली, सोडली, पुन्हा लावली. बोलले तेव्हा त्यांचा आवाज मैदानावरचा नव्हता. तो कुठून तरी फार खालून, विहिरीतून पोहरा वर यावा तसा आला.

“त्या रविवारी मी अडथळ्याला लागूनच उभा होतो. तुझं करंगळीशेजारचं बोट मिटलेलं मी पाहिलं. तिन्ही वेळा पाहिलं.”

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला होता. बावीस वर्षं जिवाच्या आकांतानं दाराला पाठ लावून थोरलीनं जे गुपित राखलं, त्याच्या पलीकडे दाराला तशीच पाठ लावून वडीलही बसले होते... मग हा पहारा कुणासाठी होता?

“मग बोलला का नाहीत?” तिनं विचारलं. तिच्या स्वरात राग होता, आणि तो ऐकून तिचाच जीव दचकला.

“बोललो असतो तर घोडा तुलाच द्यावा लागला असता. आणि धाकटी तबेल्यात त्याच्याशी बोलते, हे मीही ऐकलं होतं. तिचा आवाज... पोरी, मला त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज हवा होता गं. निवड मी करायला हवी होती. बाप मी होतो. ती तू केलीस, सतरा वर्षांची पोर, आणि मी तुला करू दिली.” “वर तुला ते नाव ठेवलं. सगळ्यांनी हसावं, कुणी तुझ्या बोटाचं बोलू नये म्हणून ठेवलं. वाटलं, आठ दिवसांनी सांगू. मग ती जिंकायला लागली. मग सांगायला तोंड राहिलं नाही. ते नाव घरात कुणी घेतलं, की मला... मी तिकडे बघू शकत नव्हतो.”

“इतकी वर्षं, बाबा...”

“फोटो टेबलावर मांडायचीस, तेव्हा मी धाकटीच्या चुका दाखवायचो. पण ढांग मोजून दाबलेलं ते बटण... त्यात मला तूच घोड्यावर दिसायचीस. माफी मागत नाही मी. मागायचा हक्क नाही.”

त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. थोरलीला वाटलं, उठावं, त्यांचा हात धरावा, नेहमीसारखं ‘असू दे, बाबा’ म्हणावं. शब्द तयार होता, जिभेवर झिजून गुळगुळीत झालेला. पण ती उठली नाही. गेलेल्या वर्षांतलं एकही वर्ष या बोलण्यानं परत येणार नव्हतं. तांबडा कधीच मातीत गेला होता, तिच्या केसांत रुपेरी तारा आल्या होत्या... फक्त एवढंच झालं होतं, की ती एकटी राहिली नव्हती.

तेवढ्यात तिनं मान वर केली. दारात धाकटी उभी होती. अनवाणी, खांद्यावर ओला टॉवेल, चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरलेला. वडिलांना ती दिसत नव्हती. पण ओल्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला आणि ते गप्प झाले. धाकटी पुढे आली. दुखरा पाय लांब पसरून ती थोरलीच्या पायाशी फरशीवर बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी. पण पाठ वळवली नाही. तिनं सरळ बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं.

“ताई, एकच सांग. तुला हवा होता तो घोडा?”

“छे गं, वेडी आहेस का,” हे उत्तर थोरलीनं बावीस वर्षं तयार ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. धाकटीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते आणि ती वाट पाहत होती. जे येईल ते ऐकायची तिची तयारी होती.

थोरलीनं ते उत्तर गिळलं.

“हवा होता,” ती म्हणाली. “फार हवा होता गं. तुझ्यापेक्षा जास्त हवा होता.”